कोंडलेली ऊब

मुंबई नाक्याचा सिग्नल सुटला आणि किशोरच्या डोळ्यांदेखत इंजिनच्या तापमानाचा काटा मधल्या रेघेवरून उठला. उठला तोही सावकाश, भरल्या घरातून कुणाला न सांगता एखादा माणूस उठून जावा तसा. बाकी सगळं होतं तसंच होतं. एसी चालू होता, पुढची रिक्षा धूर सोडत होती, मागे माय खिडकीला डोकं टेकून बसली होती, आणि मे महिन्याच्या दुपारी उड्डाणपुलाचे खांब एकामागून एक येत होते. किशोरची नजर मात्र काट्यावरून हलेना. गाडी घेऊन सात आठवडे झाले होते आणि या सात आठवड्यांत त्यानं रस्ता कमी आणि काटा जास्त पाहिला होता. "तुम्ही गाडी चालवत नाही हो, गाडीचा ताप मोजता," असं त्याची बायको संजना म्हणायची. ते खरंच होतं. अंबडच्या कारखान्यात वीस वर्षं तो तेच करत आला होता. सुट्या भागांची तपासणी, मायक्रोमीटर, गेज, केसाच्या दहाव्या भागाइतकी चूक. मोजता येतं ते खरं, बाकीचं ज्याचं त्यानं बघून घ्यावं, असा त्याचा बाणा होता आणि त्यानं आजवर त्याला दगा दिला नव्हता. गाडीनं दिला. एजंट म्हणाला होता, "साहेब, डॉक्टरची गाडी आहे. दवाखाना ते घर, घर ते दवाखाना. बास." नाशकात विकायला निघणारी प्रत्येक जुनी गाडी डॉक्टरचीच असते, हे किशोरला तेव्हा माहीत नव्हतं. दत्तू मेकॅनिकनं कूलंट बदललं, थर्मोस्टॅट बदलला, पंख्याची रिले बदलली, आणि दर वेळी हात पुसत तो म्हणाला, "आता बघा." किशोर बघतच होता.

काटा उठला की पाठोपाठ वास येणार, हेही त्याला आता पाठ झालं होतं. वास तापलेल्या लोखंडाचा नव्हता, रबराचा नव्हता. गोडसर, जुनाट, नाकाच्या मुळाशी जाऊन बसणारा. कांद्याचा. चाळीत साठवलेल्या, आतून ऊब धरलेल्या कांद्याचा. पहिल्यांदा तो आला तेव्हा किशोर पाथर्डी फाट्यावर एकटाच होता आणि त्यानं सगळ्यात आधी काय केलं असेल, तर स्वतःच्या शर्टाची बाही हुंगली. नामपूरहून नाशकात शिकायला आला तेव्हा तो सोळा वर्षांचा होता. वसतिगृहातली मुलं नाक धरून म्हणायची, "आलं रे, नामपूर मार्केट आलं." मुलं काही वाईट नव्हती, दुसऱ्या वर्षी तीच त्याचे जिवाभावाचे मित्र झाली, पण ते पहिलं वर्ष तो रोज दोनदा अंघोळ करी आणि तळहातावर, काखेत, कानामागे लिंबाची फोड घासत बसे. मग कपडे बदलले, भाषा बदलली, अहिराणीतलं 'शे' जाऊन 'आहे' आलं, 'माले' जाऊन 'मला' आलं. वास गेला. निदान गेला असं त्यानं धरून चाललं होतं. आणि आता पंचेचाळिसाव्या वर्षी, स्वतःच्या पहिल्यावहिल्या गाडीत, तो परत येऊन शेजारच्या सीटवर बसला होता. दत्तूजवळ त्यानं याबद्दल चकार शब्द काढला नाही. काढून सांगणार काय? इंजिन तापलं की मला माझ्या लहानपणाचा वास येतो? संजनाला विचारायचीही त्याला लाज वाटली. ती बसायची सकाळी, तिच्या शाळेपर्यंत, आणि तेवढ्यात गाडी तापत नसे. त्यानं आरशाला मोगऱ्याच्या वासाची एक बाटली टांगली आणि विषय मिटवला. विषय मिटला नव्हता. आत्ता मोगरा आणि कांदा दोन्ही येत होते.

त्यानं एसी बंद केला, काचा खाली केल्या. गरम हवेचा लोट आत आला. आरशात माय दिसत होती. तिचा उजवा हात मांडीवर पालथा पडला होता, कुणीतरी ठेवून विसरून गेल्यासारखा. डिसेंबरात तिला अर्धांगाचा झटका येऊन गेला होता. पाय सावरला, जीभ सावरली, हातही हलू लागला. पदर सावरी, दाराची कडी लावी. पण हाताला कळत काही नव्हतं. मार्चमधली ती सकाळ किशोरला अजून डोळे मिटले की दिसते. पाणी प्यायला म्हणून तो स्वयंपाकघरात गेला, तर माय ओट्याशी उभी, खिडकीबाहेरच्या बदामाच्या झाडाकडे बघत होती, आणि तिचा उजवा तळहात तापल्या तव्यावर टेकलेला होता. त्यानं झडप घालून तो ओढला. तिनं आधी त्याच्या चेहऱ्याकडे पाहिलं, मग हाताकडे, आणि परक्या माणसाची चौकशी करावी तसं विचारलं, "हाऊ मना हात शे का?" त्या दिवसापासून संजना बाहेर जाताना गॅसचं बटण खालून बंद करून जाऊ लागली. तिनं ते मायेपोटीच केलं, पण मायनं ते पाहिलं. त्यानंतर ती स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी यायची आणि तिथूनच परत फिरायची. बोलणंही आटलं. हिरावाडीच्या त्या दोन खोल्यांत ती दिवसभर खिडकीशी बसे, आणि हल्ली हल्ली तर दिवसातून दोनदा अंघोळ करायला लागली होती. म्हातारपणाची सवय, म्हणून किशोरनं तिकडे लक्ष दिलं नव्हतं.

तासाभरापूर्वी, दर बुधवारच्या फिजिओथेरपीला, निकिता मॅडमनी तिची परीक्षा घेतली होती. मुलगी गोड होती, आजी आजी करायची. "आजी, डोळे मिटा. आता सांगा, टोचलं की कापूस लागला?" पलंगावर बसलेल्या मायनं डोळे मिटून नुसती नकारार्थी मान हलवली. "आजी, हातात काय ठेवलंय? किल्ली की नाणं?" मायनं बोटं मिटली, उघडली. म्हणाली, "काहीच नही." हातात किल्ली होती. बाहेर व्हरांड्यात मॅडमनी आवाज उतरवला. "दादा, सहा महिने होत आले. हालचाल अजून सुधारेल. पण स्पर्शाचं... मला खोटी आशा द्यायची नाही. इतक्या दिवसांत यायला हवं होतं." किशोरनं मान हलवली. लिफ्टमध्ये मायनं विचारलं, "काय म्हने ती?" आणि उभ्या जन्मात मापात फेरफार न केलेल्या माणसानं बेधडक सांगितलं, "सुधारतंय म्हणाली." मायनं त्याच्याकडे पाहिलंही नाही. तिला कळलं होतं. तिला नेहमीच कळायचं, पण ज्यानं कळायचं तो हातच आता गेला होता.

हात गेला, असं शहरात म्हटलं तर लोक हळहळतात आणि पुढे जातात. नामपूरकडे म्हटलं असतं तर दहा घरचे लोक बघायला आले असते. त्यांची कांद्याची चाळ मळ्यात, विहिरीच्या वरच्या अंगाला होती. जमिनीपासून हातभर उंच, लांबलचक, बाजूंना बांबूच्या पट्ट्या, वर उसाचं पाचट. उन्हाळी कांदा चाळीत भरला की दिवाळीपर्यंत राहतो, राहिला तर. ढिगाच्या पोटात कुठेतरी एक कांदा नासतो, शेजारच्याला ऊब देतो, तो त्याच्या शेजारच्याला, आणि बाहेरून बघणाऱ्याला ढीग लालबुंद, खडखडीत, देखणा दिसत राहतो. कळतं तेव्हा खालून पाणी गळत असतं. मायच्या, म्हणजे कमळाबाईंच्या, घरात ते कधी गळलं नाही. उन्हं पडायच्या आधी, पट्ट्या गार असताना, ती अनवाणी चाळीच्या कडेनं चालायची. थांबायची. पट्ट्यांच्या फटीतून उजवा हात कोपरापर्यंत आत घालायची आणि डोळे मिटायची. किशोरचा बाप भिमाजी, एरवी गावभर आवाज चढवून बोलणारा माणूस, तेव्हा खोकलासुद्धा दाबून धरायचा. मग ती म्हणायची, "आठे." माणसं तिथं चाळ उकरायची आणि हातभर आत तो निघायचाच, काळा पडलेला, ओला, कोमट. सात वर्षांच्या किशोरनं एकदा तिच्या पाठोपाठ त्याच फटीत आपला हात घातला होता. कांदे लागले, सालं लागली, एक मुंगी चावली. बाकी काही नाही. "तुले कसं कळस?" त्यानं विचारलं. ती म्हणाली, "कांदा सांगस." तो रात्रभर विचार करत राहिला की मायच्या हाताला आतून डोळा असेल. भावबंदकीत बोलणं बंद असलेली घरंसुद्धा चाळीच्या दिवसांत तिला बोलवायला येत. लग्नकार्यात बायका मेंदी काढायला बसल्या की ती डावा हात पुढे करी, उजवा पदराखाली. किशोरच्या लग्नातही तिनं उजव्या तळहाताला मेंदी लागू दिली नाही. "तो कामना हात शे," म्हणाली. बाप गेला, मळा पुंजाकाकांनी कसायला घेतला, माय नाशकात आली. पुंजाकाकांनी परवाच फोन केला होता. चाळ भरून झाली, म्हणाले, आणि माय येईल का हे न विचारताच फोन ठेवला.

द्वारका चौकाच्या अलीकडे काटा लाल रेघेला टेकला. किशोरनं गाडी पुलाखाली, दोन खांबांच्या मधल्या सावलीत घेतली आणि किल्ली फिरवली. इंजिन बंद झालं तरी आत काहीतरी खदखदत होतं. बोनेट उघडल्यावर तोंडावर वाफ आली, आणि वाफेबरोबर तो वास. इतका दाट की त्यानं मागे बघितलं, पुलाखाली कांद्याचा ट्रॅक्टर वगैरे उभा आहे का. काही नव्हतं. एक फुलवाली बाई, एक चहाची टपरी, आणि डोक्यावरून धडधडत जाणारी वाहनं. दत्तूला फोन लावला. "झाकण उघडू नका हां साहेब, हात भाजेल. अर्धा तास थांबा, मग पाणी टाका, हळूहळू घेऊन या. आता रेडिएटरच बदलून टाकू." किशोरनं फोन खिशात टाकला. रडू येत होतं, आणि त्याचं कारण गाडी नव्हती.

माय दार उघडून उतरली होती. डाव्या हातानं दार धरून उभी होती आणि हवेत नाक वर करून, हरणीसारखी, काहीतरी शोधत होती.

"माय, बस आत. बाहेर झळा आहेत."

"कांदा तपना शे," ती म्हणाली.

किशोरला वाटलं, आपल्याच डोक्यातलं कुणीतरी बोललं. "काय म्हणालीस?"

"कांदा तपना. तुले वास येत नही का?"

"तुला येतो?" तो तिच्याकडे वळला. "तुला येतो वास? कधीपासून?"

"पहिल्या रोजपासून." ती खाली बघत म्हणाली. "या गाडीमा बसनू का येस. माले वाटनं, मन्हाच आंगले येस. जलमभर त्यामाच गई ना मी. तुमनं घर असं चकाचक, संजना बिचारी काही बोलत नही... म्हनीसन आंघोय करू दोनदा."

सात आठवडे दर बुधवारी ही दोन माणसं एका गाडीत, चार हातांच्या अंतरावर, एकच वास घेत बसली होती. तो पुढे आपली बाही हुंगत होता आणि ती मागे आपला पदर. दोघांनाही तो आपलाच वाटला होता आणि दोघांनीही तो एकमेकांपासून लपवला होता. ती लिंबाची फोड त्याला आठवली, आणि बाथरूममध्ये दुपारी वाहणारं पाणी. त्याला स्वतःचीच विलक्षण शरम वाटली. "माय, मला वाटलं माझ्या अंगाला येतो," तो म्हणाला. ती त्याच्याकडे बघत राहिली. मग तिच्या ओठांचा एक कोपरा, झटक्यानंतर जरा खालीच राहिलेला, हलला. "तू पहिलेपासून याडाच शे," ती म्हणाली. डिसेंबरानंतर तिनं त्याला पहिल्यांदाच वेडा म्हटलं होतं.

पाणी आणायला तो टपरीवर गेला. टपरीवाल्यानं बाटली भरून देता देता गाडी कुठल्या सालची, किती पळाली, सगळी चौकशी केली आणि शेवटी विचारलं, "डॉक्टरची होती का?" किशोर बाटली घेऊन वळला आणि रस्त्यातच थांबला. माय गाडीच्या तोंडाशी उभी होती, त्याच्याकडे पाठ करून. उघड्या बोनेटखाली, पुढच्या जाळीमागच्या फटीतून तिनं हात आत घातला होता, मनगटाच्या वरपर्यंत. खांदा किंचित झुकलेला, मान एका बाजूला कललेली. तोंड दिसत नव्हतं, पण डोळे मिटलेले असणार हे त्याला ठाऊक होतं. हे असं उभं राहणं त्यानं हजार वेळा पाहिलं होतं. वरून पुलाची धडधड चालू होती, खाली रिक्षा हॉर्न मारत होत्या, आणि तरी त्या तेवढ्या जागेत, तिच्याभोवती, नामपूरच्या पहाटेची शांतता होती. धावत जाऊन तिला मागे ओढायला हवं होतं. त्याला पाऊल उचलता आलं नाही. त्याचा श्वास आपोआप दबला, बापाचा दबायचा तसा.

तिचा हात हळूहळू डावीकडे सरकला, थांबला, परत सरकला.

"आठे," ती म्हणाली. "आठे ऊब कोंडायेल शे. त्या आंगले हवा लागस, आठे नही. आठे काहीतरी भरेल शे, देख."

किशोर पुढे झाला. ती बाजूला सरली. वरचं प्लॅस्टिकचं झाकण त्यानं नाण्यानं उचकटलं आणि मोबाइलचा उजेड आत धरला. एसीची जाळी पुढे आणि रेडिएटर मागे, मध्ये दोन बोटांची जागा, जिथून वारा जायचा. तिथं वारा जायला जागाच नव्हती. फुलवालीकडून खराट्याची एक काडी मागून त्यानं ती आत घातली आणि ओढली. बाहेर आलं ते त्यानं तळहातावर घेतलं. कांद्याची सालं. पातळ, तांबूस, उजेडात आरपार दिसणारी. आणखी ओढली, आणखी आली. थरावर थर, दाबून बसलेली, आतली तपकिरी होऊन चुरा झालेली, वरची अजून लाल. कितीतरी उन्हाळे ही गाडी कुठल्या तरी मार्केटच्या आवारात, ट्रॅक्टरांच्या रांगांत, उडत्या सालांच्या धुरळ्यात उभी राहिली असणार. पंखा फिरला की ती आत ओढत राहिली, आणि कुणालाही कळलं नाही. दत्तूला नाही. थर्मोस्टॅट बदलून मोकळ्या झालेल्या किशोरला नाही, जो रोज सकाळी कारखान्यात मायक्रोमीटर पुसून ठेवायचा. वाऱ्यानं सालं उडून पुलाखालच्या सावलीत तरंगू लागली. एक फुलवालीच्या शेवंतीत जाऊन पडलं. किशोर त्यांच्याकडे बघत राहिला. इतकं सोपं होतं, आणि त्याला सुचलं नव्हतं. चूक गाडीत नव्हती, त्याच्यात नव्हती, तिच्यात नव्हती. जो वास आपल्या अंगातून जन्मभर जाणार नाही म्हणून तो धास्तावला होता तो इथं, दोन जाळ्यांच्या मधे, मूठमूठ निघत होता.

"डॉक्टरनी गाडी ना?" मायनं विचारलं. "डॉक्टर कांदास्ना व्हता वाटस."

आणि ती हसली. तोंड वाकडं झालं, डावा गाल वर गेला आणि उजवा मागे राहिला, पण ती हसली, आवाज करून. किशोरही हसू लागला. हसता हसता त्यानं डोळे पुसले, काडी परत आत घातली, आणि ती घालतानाच त्याचा हात थांबला. मघापासून काहीतरी त्याच्या डोळ्यांसमोर होतं आणि दिसत नव्हतं. पाठमोरी माय. कललेली मान. झुकलेला खांदा. ते चित्र त्यानं लहानपणापासून इतक्या वेळा पाहिलं होतं की आज ते वेगळं असायला हवं होतं हे त्याच्या ध्यानातच आलं नव्हतं. झुकलेला खांदा उजवा होता.

"माय," तो म्हणाला, आणि पुढचं त्याच्या तोंडून आलं ते सोळाव्या वर्षी मागे ठेवून आलेल्या बोलीत आलं. "माय, कोनता हात टाका तू?"

ती हसायची थांबली. तिनं दोन्ही हात समोर धरले आणि एकदा याच्याकडे, एकदा त्याच्याकडे बघितलं. तिलाही माहीत नव्हतं. सवयीनं जो जायचा तो गेला होता. डावा कोरडा, स्वच्छ होता. उजव्याला धूळ लागली होती, चिमूटभर साल चिकटलं होतं, आणि चार बोटांच्या खाली, मार्चमध्ये नव्यानं आलेल्या गुलाबी कातडीवर, तळहातभर आडवी एक सरळ लाल रेघ उठली होती, रेडिएटरच्या पत्र्याची. तिनं डाव्या अंगठ्यानं त्या रेघेला हळूच स्पर्श केला. "स्स," तिनं श्वास ओढला. पुन्हा केला. पुन्हा ओढला. तिचे डोळे मोठे झाले.

"किशोर," ती म्हणाली. "पोळस रे माले."

मघाशी खाली ठेवलेली पाण्याची बाटली त्यानं उचलली. त्यानं घाईघाईनं झाकण फिरवलं, तिचं मनगट धरलं आणि बाटली तिच्या तळहातावर तिरकी केली. मायनं हात झटक्यात मागे घेतला आणि छातीशी घट्ट धरला. पाणी त्याच्या पायावर सांडलं.

"थांब," ती म्हणाली. "पोळू दे जराखं."